मदरशाखालचं पेव

कुंभारटाकळी,
मार्गशीर्ष वद्य ४, शके १८६६

सौ. अनसूयाअक्काच्या पायांवर बन्सीचं डोकं.

तुझं पत्र झरीच्या बाजारातून एका तेल्यानं आणून दिलं. डब्यावर ठेवून आणल्यामुळे निम्मा कागद तेल प्यायला आहे, तरी तुझ्या शिव्या तेवढ्या नीट वाचता आल्या. दोन महिने झाले, पत्र नाही, म्हणून रागावलीस. काय करू? खरं लिहिलं तर तू रडशील आणि खोटं लिहिलं तर ओळखशील.

आता खरंच लिहितो. या सरकारी शाळेत, म्हणजे मदरशात, मी एकटाच मास्तर. हाजरीपटावर एक्केचाळीस नावं आहेत, समोर बसतात बारा-पंधरा. कापसाची वेचणी चालू आहे, त्यामुळे ज्याच्या हाताला बोटं आहेत ते प्रत्येक पोर रानात. जी येतात ती उपाशी येतात. परवा पाढे म्हणता म्हणता एक मुलगी आधी खाली बसली आणि मग आडवी झाली. तोंडावर पाणी मारलं तर उठली आणि म्हणाली, "सतरा चोक अडुसष्ट." जिथं थांबली होती तिथूनच पुढे. मनकर्णा तिचं नाव, वय दहा असेल. चंद्रभान म्हणून एक कोरडवाहू शेतकरी आहे, त्याची लेक. साऱ्या पोरांत मराठी घडाघडा वाचणारी ती एकटी. बाकीच्यांचं अजून बाराखडीशी भांडण चालू आहे.

मी रुजू झालो तेव्हाच परभणीला शाळा तपासणाऱ्या नाजिरसाहेबांनी बजावलं होतं. माघात तपासणीला येईन, पंचवीस मुलं बसलेली दिसली नाहीत तर मदरसा दुसऱ्या गावी हलवीन. "बच्चे नहीं, तो मदरसा किसलिए?" म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे. पण इथला मदरसा गेला तर ही पोरं झरीपर्यंत तीन कोस चालत जाणार आहेत का? मग मनकर्णाही जन्मभर कापूसच वेचणार.

एक मात्र चांगलं झालं. मदरसा आजवर मारुतीच्या पारावर भरायचा, आता व्यंकटराव पाटलांनी आपल्या जुन्या कोठाराची खोली दिली आहे. भाडं नाही, अट नाही. देवमाणूस! दर शनिवारी मुली शेणानं जमीन सारवतात. मला वाटतं हे माझ्या गोड बोलण्याचं फळ असावं. हसू नकोस.

तुझा,
बन्सीधर


पूर्णा,
मार्गशीर्ष वद्य ११

चि. बन्सीस पोटभर आशीर्वाद.

हसले. तुझ्या गोड बोलण्यानं आपल्या घरची मांजरसुद्धा कधी खाली उतरली नाही. पण जागा मिळाली हे छान झालं. पाटलांना माझा नमस्कार सांग.

तू बापांच्या मागे लागतोस, तिथं चुकतोस. बाप म्हणतो, पाठवतो. पाठवायचं की नाही ते आई ठरवते. घरोघर जा आणि आयांशी बोल. आणि उपाशी लेकराला पाढे शिकवतोस त्याचं मला नवल वाटतं. आबा आपल्याला पाटी घ्यायच्या आधी भाकरी खायला लावत, आठवतं का?

इकडे सगळं ठीक आहे. तुझे भावजी दिवसभर मालधक्क्यावर असतात. लेव्हीच्या जवारीची पोती इतकी येताहेत की मालगाडीच्या डब्यांत जागा पुरत नाही. लढाई चालू आहे तोवर हे असंच राहणार म्हणतात. शेतकऱ्याला जमिनीच्या मानानं जवारी सरकारला घालावीच लागते, आणि कुणी लपवली तर कैद. भावजींचे स्नेही दिनकरराव आता लेव्हीच्या कचेरीत आहेत. परवा जेवायला आले होते. सांगत होते, महसुलाचा गिरदावर लोखंडी सळई घेऊन घरातल्या जमिनी टोचत फिरतो.

तू सरकारी माणूस आहेस, तुला काही भीती नाही. दूध पीत जा.

अक्का


कुंभारटाकळी,
पौष शुद्ध ९

अक्का,

हे पत्र वाचून लगेच चुलीत घाल. भावजींनाही दाखवू नकोस.

थंडी पडल्यापासून सगळी पोरं खोलीच्या एकाच कोपऱ्यात दाटी करून बसायची. मी रागवायचो, ओढून दुसरीकडे बसवायचो, पाठ फिरली की पुन्हा तिथंच. शनिवारी सारवलं की तोच कोपरा आधी वाळायचा. मला वाटायचं, ऊन येत असेल. खिडकी पलीकडच्या भिंतीला आहे हे लक्षातच आलं नाही. काल चिडून विचारलं, तिथं काय गूळ ठेवलाय का? सगळी हसायला लागली. मनकर्णा म्हणाली, "गुरुजी, खाली पेव हाय. ऊब येती."

"कसलं पेव?"

"जवारीचं. साऱ्या गावाला ठाव हाय. तुमाला न्हाई?"

आपल्या घरी कधी पेव नव्हतं म्हणून सांगतो. जमिनीत विहिरीसारखा खड्डा घेतात, आत कडबा लावतात, धान्य भरतात, तोंडावर फरशी आणि वर माती. नवी जवारी आत उबते. ती ऊब घेत माझी पोरं बसली होती आणि मी त्यांना सरकारी पुस्तकातला धडा शिकवत होतो. मी त्यांना पाढे म्हणायला सांगितले आणि बाहेर जाऊन भिंत धरून उभा राहिलो.

मग पाटलांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. ते हसले. "घाबरायलाव कशाला, गुरुजी? गिरदावर सारं गाव टोचंल, पन सरकारच्या मदरशात सळई घालायचा न्हाई. म्हनून तर जागा दिली तुमाला."

माझं गोड बोलणं!

अक्का, खोलीचा ताबा माझ्या सहीनं घेतलेला आहे. उद्या सापडलं तर पहिला हात माझ्या मानेवर पडेल. कालपासून कुणी दाराशी खाकरलं तरी मी पुस्तक मिटून दाराकडे बघतो. काय करू ते लिही.

बन्सी


पूर्णा,
पौष वद्य १

बन्सी,

पत्र चुलीत घातलं. त्याआधी चार वेळा वाचलं.

आता मी सांगते तसंच कर, यात चालढकल नको. कागद घे आणि तालुक्याला अर्जी लिही, की माझ्या मदरशाखाली चोरीची जवारी आहे असं मला आजच समजलं, मी सरकारचा नोकर या नात्यानं कळवतो. एवढंच. तू कळवलंस तर तू सुटलास. त्यांनी शोधून काढलं तर तू गुन्हेगार.

तुला घाबरवायचं नव्हतं, पण सांगते. गेल्या आठवड्यात मी भावजींचा डबा घेऊन स्टेशनावर गेले होते. फलाटावर दोन शिपायांच्या मध्ये एक मास्तर बसला होता. चांगल्या घरचा, धोतर स्वच्छ. त्याच्या शाळेच्या माळवदावर कुणी तरी पोती ठेवली होती, तो म्हणे गप्प राहिला. पगडी एका कानावर आली होती आणि ती सरळ करायला त्याचा हात मोकळा नव्हता. माझ्याकडे बघून त्यानं मान खाली घातली. मला त्याच्या जागी तू दिसलास, बन्सी. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

पाटलाचा विचार तू करू नकोस. त्यानं तुझा केला का? आजच अर्जी लिही. लिहिलीस की मला कळव.

अक्का


कुंभारटाकळी,
पौष वद्य १२

सौ. अक्कास सा. न.

अर्जी लिहिली नाही. तीनदा लिहायला घेतली आणि तीनदा फाडली. आता का लिहिली नाही ते ऐक.

तू म्हणालीस तसं आयांना भेटायला निघालो. पहिलंच घर मनकर्णाचं. तिची आई धुरपताबाई जात्यापाशी बसली होती, जात्यात काही नव्हतं. मी म्हटलं, पाटलाच्या पेवाचं मला कळलंय. तर बाई म्हणाली, "पाटलाचं? पाटलाची चार पोती असतील गुरुजी. बाकी आमची हाय, वीस घरांची. लेव्ही घातली, पावत्या हायत. उरली ती पोटाला ठिवली. ती बी नेली तर पुढल्या सुगीपतूर काय माती खायची का?"

"मग लेकरं उपाशी का?"

"पेव उगडलं की गवगवा व्हतो. लेव्हीवाले फिरून जाईपतूर उगडायचं न्हाई, असं ठरलंय."

म्हणजे बघ, पोरं स्वतःच्या जवारीवर बसून भुकेनं पडत होती. मी सरळ पाटलांकडे गेलो. धमकी द्यायची ठरवलं होतं, की थोडी जवारी लेकरांसाठी काढा, नाहीतर अर्जी लिहितो. तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. चारचौघांत, अक्का. पाटील माझ्या धमकीला भ्याले नसते, रडण्याला भ्याले. "बरं, बरं," म्हणाले, "पन रडू नका, लोक बघायलेत."

शुक्रवारी सुट्टीचा मदरसा बंद होता. फरशी सरकवून पेव दिवसभर उघडं ठेवलं, कारण आतली हवा वाईट असते. मग कंदील सोडून बघितला. विझला नाही, तेव्हा चंद्रभान दोर बांधून उतरला. चार पाट्या जवारी काढून पुन्हा फरशी, माती, सारवण. आता धुरपताबाई रोज मदरशामागे तीन दगडांवर मोठं पातेलं चढवते आणि दुपारी प्रत्येक लेकराला वाटीभर घुगऱ्या मिळतात. मीठ पाटलांचं.

अक्का, काल सदतीस मुलं आली! वेचणीवरची पोरं आली. खांद्यावर धाकटं भावंड घेऊन मुली आल्या. पाढ्यांचा आवाज वेशीपर्यंत जातो. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे डोळे पुसता येतात.

भीती आहेच. घुगऱ्यांचा वास सुटला की वाटतं, हा परभणीपर्यंत जात असेल. घोड्याची टाप ऐकली की खडू हातातून पडतो. पण माघातली तपासणी एवढी पार पडू दे, मदरसा एकदा वाचू दे, मग पुढचं पुढे. तू काळजी करू नकोस आणि मला रागावू नकोस.

बन्सीधर


पूर्णा,
माघ शुद्ध ३

चि. बन्सीस आशीर्वाद.

मला बरं नाही. अंगात कणकण असते, उठवत नाही. तू रजा टाकून लगेच ये. माघी पौर्णिमेच्या आत कसाही ये आणि चार-आठ दिवस राहा. मदरसा चार दिवस बंद राहिला तर जग बुडत नाही. येताना कुणाला काही सांगत बसू नकोस.

नक्की ये. माझी शपथ आहे.

अक्का


कुंभारटाकळी,
माघ शुद्ध ७

सौ. अक्कास सा. न.

तुझं पत्र वाचून जीव टांगणीला लागला. गवती चहात आलं आणि तुळस घालून पी, आणि धुणं भावजींना धुवायला सांग, एकदा धुतलं तर त्यांची नोकरी जात नाही.

पण आत्ताच निघता येत नाही गं. नाजिरसाहेबांची तपासणी द्वादशीला आहे, हुकूम आला आहे. ज्यासाठी एवढं सगळं केलं तो दिवस पाच दिवसांवर आला आणि मी रजा टाकू? पोरांना कवायत शिकवतोय. मनकर्णा साहेबांसमोर धडा वाचणार आहे, त्यासाठी धुरपताबाईनं आपलं लुगडं फाडून तिला नवा परकर शिवलाय.

तपासणीचे कागद भरून दिले आणि पौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी निघतो. तुझी शपथ मोडली असं समजू नकोस, चार दिवस पुढे ढकलली असं समज.

बन्सी


कुंभारटाकळी,
माघ वद्य ५

अक्का,

मी आलो नाही. आता येणारही नाही. काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर लिहवणार नाही.

द्वादशीला नाजिरसाहेब आले. अडतीस मुलं हजर होती. मनकर्णानं धडा वाचला, एकदाही अडखळली नाही. साहेब खूश झाले, पण जाताना डोळे बारीक करून म्हणाले, "कालपर्यंत पंधरा आणि आज अडतीस? फाल्गुनात न कळवता पुन्हा येईन. तेव्हा भरलेला दिसला तर मदरसा कायम." मला वाटलं, जिंकलो.

पौर्णिमेला सकाळी पाढे चालू होते. गिरदावर आणि सहा शिपाई आले. गावात एक घर टोचलं नाही, सरळ मदरशात शिरले आणि त्या कोपऱ्यापाशी उभे राहिले. मुलांना म्हणाले, उठा. मुलं उठेनात. एकमेकांचे हात धरून तिथंच बसून राहिली आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. शिपायानं सळई उगारली. मग मी म्हणालो, "उठा रे बाळांनो." माझ्या तोंडानं म्हणालो, अक्का. ती उठली.

फरशी निघाली. सगळं गाव दाराशी गोळा झालं. गिरदावरनं खिशातून एक कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "मी सरकारचा नोकर या नात्यानं कळवतो की, माझ्या मदरशाच्या खोलीखाली…" खाली माझं नाव, माझी सही. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास, मास्तर! तुझ्यासारखा प्रत्येक गावात एक असता तर आम्हाला उन्हात हिंडावं लागलं नसतं." आणि कागद माझ्या डोळ्यांपुढे धरला. "अक्षर तुझंच ना?"

आबांनी आपल्याला दोघांना एकाच पाटीवर गिरवायला लावलं, त्यामुळे गिरदावरला काही फरक दिसणार नव्हता. मला दिसला. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कुणाचं? शिपायांच्या मध्ये फलाटावर बसलेला तो मास्तर मला दिसला, पण तुझ्या लुगड्यात.

मी म्हणालो, "होय साहेब. माझंच."

दिवसभर गाड्या भरत होत्या. चंद्रभानलाच दोर बांधून खाली उतरवलं, हवा बघायलाही थांबले नाहीत. तो आपलीच जवारी पाटीपाटीनं वर देत होता. शेवटी खोकत वर आला तेव्हा त्याला उभं राहता येईना. पाटलांना धरून नेलं. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घंटा दिली. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी धुरपताबाई आली, माझ्याकडे न बघता घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि गेली. विहिरीवर गेलो की बायका बोलायच्या थांबतात. आज पाच दिवस झाले. हाजरीपटावर रोज एक्केचाळीस गैरहाजर लिहितो, आणि त्या उघड्या खड्ड्याशेजारी चार वाजेपर्यंत बसतो. फाल्गुनात साहेब येतील आणि मदरसा उचलून नेतील.

तू आजारी नव्हतीस ना, अक्का?

बन्सीधर


पूर्णा,
माघ वद्य १०

बन्सी,

नव्हते.

मीच लिहिलं. तू लिहीत नाहीस हे कळल्यावर मला रात्रंदिवस तो फलाट दिसायला लागला. दिनकरराव जेवायला आले तेव्हा मी उगाच विचारल्यासारखं विचारलं, एखाद्यानं आधी कळवलं तर त्याला काही होत नाही ना? ते म्हणाले, उलट शाबासकी मिळते. ते उठायच्या आत मी कागद लिहून त्यांच्या हातात दिला. भावाचा आलाय म्हणून सांगितलं. भावजींनासुद्धा तेच सांगितलं. माघी पौर्णिमेला गिरदावर जाईल असं दिनकररावांकडून कळलं, म्हणून आजाराचं लिहून तुला बोलावलं. मला वाटलं, कुणाचं नाव न घेता ते येतील, पाटलाची जवारी नेतील, तू माझ्याकडे सुखरूप असशील. वीस घरांची जवारी आहे हे तुझ्या पत्रात होतं. मी ते वाचलं होतं. वाचून न वाचल्यासारखं केलं. खरं सांगते, मला तेव्हा वीस घरं दिसतच नव्हती, तू एकटा दिसत होतास.

ते कागद असा गावासमोर वाचतील हे स्वप्नातही आलं नाही.

आता आणखी एक. काल दिनकरराव हसत हसत सांगून गेले, तुमच्या भावाला इनाम द्यायची शिफारस झाली आहे. त्यासाठी अर्जी खरोखर त्याचीच आहे का याची खातरी करतील. पगाराच्या पावतीवर तुझी सही उर्दूत असते आणि या कागदावर मराठीत, म्हणून कचेरीतल्या साहेबांना शंका आली आहे. ते हसले. मी ओट्याला धरून उभी होते. खोट्या सहीला काय शिक्षा असते ते त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

तू माझं नाव सांगून टाक. गावाला सांग, साहेबांना सांग. तुझा मदरसा वाचेल, पोरं परत येतील. मी मोठी आहे, मी केलंय, मीच भोगीन. खरंच सांग.

अक्का

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. बन्सी, मला फार भीती वाटते रे. दाराची कडी वाजली की मी चुलीमागे जाऊन उभी राहते.


कुंभारटाकळी,
फाल्गुन शुद्ध ११

सौ. अनसूयाअक्कास बन्सीचा सा. न.

चुलीमागून आधी बाहेर ये. मग वाच.

गेल्या आठवड्यात नाजिरसाहेब न कळवता आले, बरोबर गिरदावर. दोन्ही कामं त्यांच्याकडेच होती, मदरशाची तपासणी आणि माझ्या अक्षराची. मदरसा रिकामा होता. साहेबांनी रिकाम्या जमिनीकडे बघितलं, आता बुजवलेल्या पेवाकडे बघितलं. मग तुझा कागद पुढे ठेवला. "हे तुमचं?"

"होय."

"मग आता चार ओळी लिहा."

लिहायला बसलो. हात इतका कापत होता की माझं अक्षर मलाच ओळखू येईना. साहेबांचं सगळं शिक्षण उर्दूत. त्यांनी दोन्ही कागद उजेडाकडे धरले, उलटे-सुलटे केले, काही ठरेना. गिरदावरलाही सांगता येईना, तेव्हा त्याला विचारलं, यांचं मराठी अक्षर ओळखणारं गावात कोण आहे? पाटील कैदेत. गिरदावर म्हणाला, एक पोरगी आहे म्हणतात. शिपायानं तिला रानातून बोलावून आणलं. वेचणीची ओटी पोटाला तशीच होती. आई मागोमाग धावत आली आणि दाराशी थांबली.

साहेबांनी विचारलं, "बेटी, हे तुझ्या गुरुजींचं अक्षर आहे का? नीट बघून सांग. खोटं बोललीस तर शिक्षा होईल."

मनकर्णानं कागद हातात घेतला. आधी ओठ हलवत सगळा वाचला. मग अक्षरांवरून बोट फिरवायला लागली, एकेका ओळीवरून, पाटीवर फिरवते तसं. एका जागी बोट थांबलं. अक्का, त्या क्षणी मला कळलं की तिला कळलंय. दीड वर्षापूर्वीच्या मास्तरांचं आणि माझं अक्षर ती वेगळं ओळखते, मग तुझं आणि माझं ओळखणार नाही का? तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवत होतो की काय करत होतो, देव जाणे. मास्तर मी, आणि दहा वर्षांच्या पोरीपुढे असा उभा.

ती म्हणाली, "गुरुजीचंच हाय."

"नक्की?"

"रोज बघती की पाटीवर."

साहेबांनी कागदाची घडी केली. जाताना म्हणाले, आठ दिवस देतो, शिपाई मोजायला येईल, मदरसा असाच असेल तर हलवतो. इनाम मला नको, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला धुरपताबाई मदरशात आली. आत आली नाही, उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "लेक सांगायली, ते तुमचं अक्षर न्हाई. तुमी वळ लिवता तर शेवटाला खाली उतरती, ती वळ सरळ व्हती म्हनं. मग ती खोटं का बोलली म्हनून मी रागं भरले, तर म्हनली, गुरुजी लय भेलं व्हतं."

मी हाजरीपट मिटून ठेवला.

"तुमी न्हाई लिवलं."

मी फळा पुसायला लागलो.

"जेनं लिवलं तेचं नाव सांगनार न्हाई तुमी."

मी मान हलवली. नाही.

ती उठली, पदर झटकला. "मनकर्णाच्या बापाच्या छातीत अजून दुखतंय," म्हणाली. "पन लेकरायला उद्या लावून देते."

दुसऱ्या दिवशी नऊ आली. तिनं विहिरीवर काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण तिसऱ्या दिवशी वीस आणि काल शिपाई मोजायला आला तेव्हा एकतीस. मदरसा कायम झाला, हुकूम येईल. पोरं आता खोलीभर पांगून बसतात. पाढे म्हणतात, पण हळू म्हणतात, आवाज वेशीपर्यंत जात नाही. दुपारी काल दोघं पडली. मी त्यांना घरी पोचवून आलो आणि पुन्हा फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

मी कुणाला तुझं नाव सांगितलं नाही आणि सांगणार नाही. तू आता निर्धास्त राहा.

आज मदरसा सुटल्यावर धुरपताबाई वाटेत भेटली. म्हणाली, "गुरुजी, तुमाला लिवता येतंय. जेनं ते लिवलं तेला माझा एक निरोप लिवा." मी म्हटलं, सांगा. तिनं सांगितला, मी जसाच्या तसा लिहितो.

"तेला म्हनावं, जेला वाचवाया लिवलंस तो तुजा मानूस सुखी हाय. आमची लेकरं पान्यावर साळंला येत्यात."

बन्सीधर